गगनबावड्याच्या पावसात जिओडेसिक घुमटाचे छोटे घर टिकेल का?

प्रश्न

सप्रेम नमस्कार.

गगनबावडा तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेतजमीन आहे. कोल्हापुरातील भाड्याची जागा सोडून मी, माझे यजमान आणि माझ्या सासूबाई असे तिघे कायमचे तिकडे राहायला जाण्याच्या विचारात आहोत. मोठा बंगला बांधण्याची ऐपत नाही आणि तशी हौसही नाही. गेले वर्षभर आम्ही त्रिकोणांच्या जाळीपासून तयार होणाऱ्या जिओडेसिक घुमटाचा अभ्यास करीत आहोत आणि २० फूट व्यासाचा एक घुमट बांधून त्यातच राहावे, असे मनाने घेतले आहे. कमी सामानात जास्त जागा मिळते, आत एकही खांब लागत नाही आणि वारा चहूबाजूंनी सरकून जातो, हे गुण आम्हाला पटले आहेत.

काळजी आहे ती पावसाची. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर आमच्याकडे त्याच्या पाचपट आणि कधी त्याहूनही अधिक. जून ते सप्टेंबर धुके, झड आणि ओल यांशिवाय दुसरे काही नसते. आमच्या जुन्या घराला कौले आहेत, चार हात पुढे आलेली वळचण आहे आणि तरीही श्रावणात भिंतींना ओल धरतेच. घुमटाला तर वळचणच नाही. तेव्हा सांगाडा कशाचा करावा, त्यावर आवरण कोणते घालावे आणि मुख्य म्हणजे ७४ वर्षांच्या बाईंना अशा घरात सुखाने राहता येईल का, हे ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे किंवा जे अशा घरात राहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. सासूबाईंचा एक साधा प्रश्न आहे, तोही इथे लिहिते: ज्या घराला कोपराच नाही, त्या घरात देव्हारा कुठे ठेवायचा?

उत्तर १: फॅब्रिकेशनचे काम करणारे, शिरोली

ताई, नमस्कार. मी शेडनेट, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे आणि हॉटेलांच्या आवारातील शोभेचे घुमट करून दिले आहेत. सांगाड्यापुरते सांगतो.

गोलाचे त्रिकोण किती बारीक पाडायचे, त्यावर टू-व्ही, थ्री-व्ही असे प्रकार ठरतात; आकडा मोठा तितके त्रिकोण बारीक. आपल्या मापाला दोन्ही चालतात. टू-व्हीच्या अर्ध्या गोलात ६५ दांड्या, २६ सांधे आणि ४० त्रिकोण होतात आणि दांड्यांच्या लांब्या दोनच असतात. त्रिज्येला ०.६१८ ने गुणले की लांब दांडी आणि ०.५४६५ ने गुणले की आखूड दांडी मिळते. आपली त्रिज्या १० फूट, म्हणजे ३०४८ मिलिमीटर. त्यामुळे लांब दांडी १८८४ मिलिमीटर आणि आखूड १६६६ मिलिमीटर भरते. ही मापे टोकांच्या बोल्टसाठीच्या भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतची आहेत, पाइपच्या टोकापासून टोकापर्यंतची नाहीत. इथेच निम्मे लोक चुकतात. दोन्ही टोकांना एकेक इंच सोडले तर ६ मीटरच्या एका पाइपमधून तीन दांड्या निघतात, मग त्या लांब असोत वा आखूड. लांब ३५ दांड्यांना १२ पाइप आणि आखूड ३० दांड्यांना १० पाइप, असे २२ पाइप आणावे लागतात. आखूड दांड्यांच्या पाइपमधून पावणेतीन फुटांचा जो तुकडा उरतो, तो टाकू नये. खिडकीच्या चौकटींना तो उपयोगी पडतो.

दांड्या कापण्याआधी लोखंडी पट्टीवर अडणी वेल्ड करून साचा तयार करावा आणि सर्व दांड्या त्याच साच्यात धरून भोके पाडावीत. प्रत्येक वेळी टेपने मोजत बसलात, तर कुठे दोन मिलिमीटर, कुठे तीन असा फरक पडत जातो. खालच्या दोन रांगांत तो जाणवत नाही, पण माथ्यावरच्या पाच त्रिकोणांचा पंचकोन मिटवताना शेवटची दांडी काही केल्या बसत नाही. मग ती हातोड्याने ठोकून बसवतात आणि तो ताण पुढे कायम सांगाड्यात राहतो. दांडीची टोके चेपून वाकवायची असल्यास लांब दांडीला १८ अंश आणि आखूड दांडीला जवळपास १६ अंश बाक द्यावा. राहत्या घराला मात्र चेपलेल्या टोकांपेक्षा सांध्यांसाठी सहा मिलिमीटर प्लेटच्या चकत्या कापून घेतलेल्या बऱ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेझर कटिंगवर त्या अचूक निघतात. आपल्याकडच्या हवेत साधा रंग टिकत नाही, म्हणून सगळे भाग भोके पाडून झाल्यावर गॅल्व्हनाइज करून (जस्ताचा थर देऊन) घ्यावेत.

एक सूचना. त्यावर प्लायवूड लावणार असाल, तर २० फुटी टू-व्ही घेऊ नका. त्याचे त्रिकोण साडेचार ते सव्वापाच फूट उंचीचे होतात आणि प्लायचा ताव ४ फूट रुंद असतो, त्यामुळे प्रत्येक त्रिकोणाला मधोमध जोड द्यावा लागतो. थ्री-व्हीचा मोठा त्रिकोण ३ फूट ७ इंच उंचीचा असतो, तो तावात बसतो. त्यातही व्यास २० ऐवजी साडेएकोणीस फूट धरला, तर उलटसुलट मांडून एका तावातून मोठे त्रिकोण दोनाऐवजी तीन निघतात. अर्ध्या फुटाच्या फरकाने मालात केवढी बचत होते पाहा. पण थ्री-व्हीच्या दांड्यांच्या लांब्या तीन असतात आणि त्यांतल्या दोनांमध्ये जेमतेम एका इंचाचा फरक असतो, म्हणून कापतानाच टोकांना वेगवेगळे रंग लावून ठेवा. शिवाय त्याची खालची कड टू-व्हीप्रमाणे एका पातळीत बसत नाही, तिथे पाचरी द्याव्या लागतात.

उत्तर २: चार पावसाळे घुमटात काढलेले, पन्हाळा तालुका

नमस्कार. आम्ही पती-पत्नी १८ फुटी घुमटात राहतो. सांगाडा लोखंडी पाइपचा आहे, त्यावर १२ मिलिमीटरचे प्लायवूड आणि वर डांबरी शिंगल्स (एकावर एक चढवून लावायचे छपराचे पातळ तुकडे) आहेत. आमच्याकडे गगनबावड्याइतका पाऊस नाही, तरी जे सोसले ते सांगतो, म्हणजे आपल्याला ते सोसावे लागणार नाही.

सांगाडा आम्ही पाच जणांनी दोन दिवसांत उभा केला. शेवटचा बोल्ट आवळल्यावर मी शिडीवरून वरच्या सांध्याला लोंबकळलो, तेव्हा कुठलीही दांडी हलली नाही. त्या आनंदात आम्ही समजलो की घर झाले. खरे घर म्हणजे त्यावरची कातडी, आणि ती तयार करायला आम्हाला पाच महिने लागले.

पहिल्याच जुलैत सात ठिकाणी गळले. काम करणाऱ्याने सगळ्या फटींत सिलिकॉन भरून दिले होते आणि मार्चमध्ये ते उत्तम दिसत होते. जुलैत मी खिडकीच्या कडेची ती रेघ नखाने उचलून पाहिली, तर ती दोऱ्यासारखी सलग सुटून हातात आली. कारण पुढे लक्षात आले. काळे शिंगल्स उन्हात तापतात, त्यांखालचे प्लाय आणि पाइप तापतात, रात्री सगळे गार होते, आणि प्रत्येक सांधा रोज केसभर उघडतो नि मिटतो. साध्या उतरत्या छपराला एक आढे आणि दोन कडा असतात. घुमटाला आढीच पन्नासाहून अधिक. त्यातली एक जरी सुटली तरी पाणी आत येते, आणि ते जिथे शिरते तिथे टपकत नाही. पाइपच्या पोटाने घसरत जाऊन चार त्रिकोण पलीकडे पलंगावर पडते.

गळती शोधण्याची एक पद्धत आम्हाला शेवटी उपयोगी पडली. कोरड्या दिवशी बाहेरून नळीने पाणी सोडायचे, पण वरून नव्हे. सर्वांत खालच्या रांगेतल्या एकाच त्रिकोणावर पंधरा मिनिटे पाणी धरायचे आणि आत दुसऱ्या माणसाने बॅटरी घेऊन पाहत राहायचे. काही आले नाही तर शेजारचा त्रिकोण, मग वरची रांग. खालून वर गेले की पाणी नेमके कुठून आत येते ते कळते. वरून सुरुवात केली की सगळेच ओले होते आणि काहीच समजत नाही. असे करत आम्हाला तीन दिवस लागले आणि सातपैकी पाच गळत्या खिडक्यांच्या वरच्या कडेला निघाल्या. आम्ही पाचपैकी दोन खिडक्या बंद करून टाकल्या आणि उरलेल्या तिन्हींवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे छज्जे बसवले. छज्ज्याची वरची कड शिंगल्सच्या खाली सरकवली आहे, म्हणजे पाणी आपल्या वजनाने बाहेर पडते आणि सिलिकॉनवर भिस्त राहत नाही. त्यानंतरचे तीन पावसाळे कोरडे गेले.

अमेरिकेत लॉइड कान यांनी १९७० च्या सुमारास घुमट कसे बांधावेत यावर पुस्तके काढली आणि हजारो लोकांनी ती पाहून घरे बांधली. पुढे त्यांनी स्वतःच गळती, वाया जाणारा माल आणि वाकड्या भिंती पाहून त्या पुस्तकाची छपाई बंद केली. हे मी बांधण्याआधी वाचले असते, तर खिडक्या निम्म्याच ठेवल्या असत्या. तरी घुमट बांधलाच असता, हेही खरे आहे.

आता राहण्याविषयी. आवाज हा भाग कोणी सांगत नाही. विजापूरच्या गोल घुमटात कुजबूज पलीकडे ऐकू जाते, ते आपण सहलीला गेल्यावर कौतुकाने ऐकतो, पण तेच घरात रोज व्हायला लागले की जिवाला नकोसे होते. माझी पत्नी ओट्यापाशी ताट ठेवी आणि मला ते कानाशी आपटल्यासारखे वाटे. खोलीच्या मध्यावर उभे राहून बोलले तर आपलाच आवाज डोक्यावर परत येतो. आम्ही दोन बाजूंना वरपासून घोंगड्या सोडल्या, एका बाजूला पुस्तकांची मांडणी केली आणि जमिनीवर जाड सतरंजी घातली, तेव्हा तो आवाज मावळला. लोकरीची घोंगडी याला फार चांगली. फक्त पावसाळ्यात ती अधूनमधून शेकवावी लागते, नाहीतर कुबट वास धरते.

ओलीचेही तसेच. ऑगस्टमध्ये पहाटे पाइपवर दव धरल्यासारखे थेंब यायचे आणि आम्ही त्यालाही गळतीच समजत होतो. ती आमच्याच श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ होती. वरच्या पंचकोनात झाकण उचलून त्यावर एक टोपी बसवली, खाली जमिनीलगत तीन जाळ्या ठेवल्या, आणि गरम हवा वरून निघून जाऊ लागल्यावर थेंब थांबले. स्वयंपाकघर आणि न्हाणी मात्र घुमटात घेऊ नका. शेजारी जांभ्या दगडाची साधी चौकोनी खोली बांधा. तितकी भोके आणि तितकी वाफ कमी होते.

आपल्या सासूबाईंना सांगा की आमचा देव्हारा पश्चिमेच्या दोन दांड्या जिथे मिळतात तिथे, त्रिकोणी फळीवर आहे. सुताराने पुठ्ठ्याचा नमुना कापून ती फळी बसवली. सकाळी समोरच्या खिडकीतून ऊन थेट तिथे येते.

उत्तर ३: स्थापत्य अभियंता, कोल्हापूर

वरील दोन्ही उत्तरे अनुभवाची आहेत आणि त्यांतील मापे बरोबर आहेत. आवरणाबाबत माझे मत निराळे आहे. गगनबावड्यासारख्या ठिकाणी प्लायवूड आणि शिंगल्स लावू नयेत. तिथे फेरोसिमेंट, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंटचा पातळ गिलावा, करावे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी १९५४ मध्ये जिओडेसिक घुमटाचे पेटंट घेतले आणि हे नाव रूढ केले. पण त्याच्या सुमारे ३० वर्षे आधी जर्मनीतील येना येथे अभियंता वॉल्टर बाउअर्सफेल्ड यांनी तारांगणासाठी असाच घुमट उभारला होता. त्यांनी लोखंडी सळ्यांच्या त्रिकोणी जाळीवर अवघ्या काही सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट चढवले होते. म्हणजे या प्रकारच्या पहिल्या घुमटाची कातडी सलग होती, तुकड्यांची नव्हती. उलट बाजूचे उदाहरण मॉन्ट्रियलचे. तिथल्या १९६७ च्या जागतिक प्रदर्शनातील ७६ मीटर व्यासाच्या घुमटाचे ॲक्रिलिकचे आवरण १९७६ मध्ये दुरुस्तीच्या वेळी पेटून गेले आणि लोखंडी सांगाडा तेवढा उरला, तो आजही उभा आहे. सांगाडा क्वचितच दगा देतो. आपली चिंता आवरणाची असायला हवी. आतून उष्णतारोधक फोम मारण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो उघडा ठेवू नका. पेटल्यास त्याचा धूर जीवघेणा असतो.

फेरोसिमेंटमध्ये प्लायच्या तावाचे बंधन नसल्यामुळे टू-व्ही घेता येईल. पण त्याचे सहा-सहा फुटी त्रिकोण मोकळे ठेवू नयेत, त्यांत सहा मिलिमीटरच्या सळ्या सहा ते आठ इंचांवर बांधाव्यात. त्यावर वेल्डमेश (वेल्ड केलेल्या तारांची चौकोनी जाळी) आणि दोन्ही बाजूंनी चिकनमेश (कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक जाळी) ताणून तारेने घट्ट आवळावी. जाळी बोटाने दाबल्यावर स्प्रिंगसारखी हलली, तर ती सैल आहे असे समजावे. सिमेंट एक भाग आणि चाळलेली वाळू दोन भाग, पाणी बेताचे. आत एकाने फळी धरायची आणि बाहेरून दुसऱ्याने माल दाबून भरायचा. एक इंच जाडीला चौरस मीटरमागे सुमारे ६० किलो वजन पडते, म्हणजे आपल्या घुमटावर साडेतीन टनांच्या जवळपास. ओला असताना हा भार पूर्णपणे पाइपवर येतो, त्यामुळे आतून टेकू द्यावेत आणि पाइपची जाडी एखाद्या अभियंत्याकडून तपासून घ्यावी. गिलावा शक्यतो सलग पुरा करावा, कारण आज अर्धा आणि परवा अर्धा केला की त्या जोडाच्या रेषेतूनच पुढे पाणी पाझरते. नंतर निदान १४ दिवस ओले गोणपाट बांधून पाणी मारत राहावे. दिवाळीनंतर काम सुरू करून फेब्रुवारीत गिलावा आटोपला, तर रंग आणि जलरोधक लेप द्यायला दोन कोरडे महिने हाताशी राहतात.

याचा तोटाही सांगतो. एकदा झालेले फेरोसिमेंट फोडून नवी खिडकी काढणे फार त्रासाचे असते आणि एप्रिलमध्ये एक इंची कवच चांगलेच तापते. पांढरा चुना किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे चायना मोझॅक त्यावर उपकारक ठरते.

सासूबाईंच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे घुमट थेट जोत्यावर ठेवू नका. २० फुटी अर्धगोल जमिनीवर ठेवला तर कडेला उभे राहता येत नाही. सहा फूट उंची जिथे मिळते तिथपर्यंतच जागा मोजली, तर ३१४ चौरस फुटांपैकी सुमारे २०० चौरस फूटच हाती लागतात. तोच घुमट तीन फूट उंच जांभ्याच्या दशकोनी भिंतीवर ठेवला, तर सुमारे २८५ चौरस फुटांत ताठ उभे राहता येते, पलंग भिंतीला टेकतो आणि रात्री उठताना डोके आपटत नाही. टू-व्हीची खालची कड सपाट असल्याने ती भिंतीवर चांगली बसते. भिंतीच्या माथ्यावर सिमेंट काँक्रीटचा सलग पट्टा आवश्यक आहे, कारण घुमट आपल्या वजनाने पाया बाहेर ढकलतो आणि तो रेटा या पट्ट्याने पेलायचा असतो. सांगाडा त्याच पट्ट्यातल्या बोल्टांना आवळावा. जोते आजूबाजूच्या जमिनीपासून निदान दोन फूट उंच घ्यावे आणि भोवती फरसबंद गटार काढावे. वळचण नसल्यामुळे छपरावरचे सगळे पाणी भिंतीवरून खाली येते. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला दोन इंचांची ओठी पुढे काढून तिच्या खालून खाच पाडली, तर पाणी तिथेच तुटून पडते आणि जांभा भिजत नाही. हीच आपल्या घुमटाची वळचण समजा.

उत्तर ४: आजरा

शेतजमिनीवर राहते घर बांधताना ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालय या दोन्ही ठिकाणी आधी लेखी विचारणा करावी. घराचा आकार वेगळा आहे किंवा ते लहान आहे, म्हणून परवानगीतून सूट मिळत नाही. आमच्या एका नातेवाइकांनी हे समजून न घेता जोते बांधले आणि दोन वर्षे काम थांबले.

प्रश्नकर्त्या

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री सगळी उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. तीन फुटी जांभ्याची भिंत, त्यावर टू-व्ही सांगाडा, फेरोसिमेंटचे कवच, तीनच खिडक्या आणि स्वयंपाकघर व न्हाणी शेजारच्या चौकोनी खोलीत, असे ठरवले आहे. त्रिकोणी फळीवरचा देव्हारा त्यांना पसंत पडला. एक शंका उरली आहे. दार कोणत्या त्रिकोणात बसवावे?

उत्तर १: फॅब्रिकेशनचे काम करणारे, शिरोली

ताई, कोणत्याच त्रिकोणात बसवू नका. आपल्या भिंतीच्या माथ्यापासून चार फूट वर गेले की उभ्या त्रिकोणाची रुंदी जेमतेम दीड फूट उरते आणि दाराला तर तीन फूट हवेत, म्हणजे दांडी कापावीच लागणार. ती कापण्याआधी त्या जागी जाड चौकोनी पाइपची पूर्ण चौकट जोत्यात रोवून उभी करा, भोवतालच्या दांड्यांची टोके तिला बोल्टने आवळा आणि मगच मधली दांडी काढा. दारापाशी भिंतीवरचा काँक्रीटचा पट्टा तुटतो, म्हणून अभियंता साहेबांना विचारून तो चौकटीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरवून उंबऱ्याखालून सलग न्या. चौकटीच्या पुढे चार फुटांची देवडी काढून तिला कौलांचे साधे उतरते छप्पर घाला. दारावर झड येणार नाही, आणि छत्र्या, चपला, ओली इरली ठेवायला कोरडी जागा होईल. तोंड शक्यतो पूर्वेला ठेवा, आपल्याकडे झड पश्चिमेकडून येते. दांड्यांची भोके पाडायला बसाल तेव्हा साचा घेऊन या, मी तपासून देईन.